लेबल, फर्मा आणि नेमाडे

गेल्या महिन्यात माझी कादंबरी नापास झाली. प्रकाशकाने नाही, समीक्षकाने नाही, आमच्या बाबांनी केली. तीही फक्त वीस पानांत.

तर मंडळी, आधी कबुली. गेली चार वर्षं मी गुपचूप एक कादंबरी लिहितोय. शनिवार-रविवार, बदलापूरच्या घरी, गॅलरीत खुर्ची टाकून. अर्थात रिलीज नसेल तर. विषय घरचाच. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत बावीस वर्षं होते. मी पाचवीत असताना ती बंद पडली. कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी गेलं, कुणी दुसरीकडे अर्ध्या पगारावर लागलं. मला वाटायचं, मराठी कादंबरीत पुणं आहे, गिरगाव आहे, गिरणगाव आहे, खानदेश आहे, पण कल्याण सोडून गाडी विठ्ठलवाडीकडे वळली की आपली कादंबरी डुलकी काढते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर... लाखो माणसं रोज त्या लोकलमधून ये-जा करतात, त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं की नको? ते कुणीतरी म्हणजे मीच, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

एकशे चाळीस पानं झाली तेव्हा प्रिंट काढून बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, रविवारचा पेपर वाचतात तसं नीट बसून वाचायला घेतलं. वीस पानांनंतर खाली ठेवलं आणि म्हणाले, "छान लिहिलंयस रे. पण हा कोण?"

"कोण म्हणजे? बाबा, हे तुम्हीच."

"मी असा बोलतो?"

मी गप्प. मग तेच म्हणाले, "हा कुणीतरी पुण्याला होस्टेलवर राहणारा पोरगा वाटतो. सगळ्याला हसतोय. कंपनी बंद पडली तेव्हा आमच्यात असं कुणी हसत नव्हतं."

आता गंमत ऐका. आमच्या बाबांनी 'कोसला' वाचलेली नाही. नेमाड्यांचं नाव त्यांना ज्ञानपीठ मिळाल्याच्या बातमीपुरतं माहीत. तरी त्यांनी वीस पानांत पांडुरंग सांगवीकरला बरोब्बर पकडला, पत्त्यासकट! पुणे, होस्टेल, सगळ्याला हसणारा पोरगा. मी चार वर्षं बाबांबद्दल लिहीत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी बाबांच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज डब करत होतो.

च्यायला.

'कोसला' मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वाचली. ज्यांनी ती त्या वयात वाचलीये त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भालचंद्र नेमाडे, जन्म 1938, खानदेशातल्या सांगवीचे. 'कोसला' आली 1963 साली, म्हणजे लेखकाचं वय पंचवीस. गावातला पोरगा पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, उधारी, नापास होणं आणि परत गाव. एवढीच गोष्ट. पण ती ज्या पद्धतीने सांगितलीये, त्याने वाचणाऱ्याची बोलण्याची पद्धतच बदलते. आमच्या ग्रुपमध्ये पुढचे सहा महिने प्रत्येक जण 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावून बोलत होता. व्हायवामध्येसुद्धा. एकाला सरांनी विचारलं होतं, 'वगैरे' म्हणजे नेमकं काय, दोन नावं सांग. तो तिथेच गारद.

बाबांच्या निकालानंतर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून माझ्या फाईलवर चालवली. एकशे चाळीस पानांत 'वगैरे' दोनशे बारा वेळा. 'उदाहरणार्थ' सत्त्याण्णव वेळा. दुसऱ्या कुणाचा कोड असता तर मी रिव्ह्यूत सरळ रिजेक्ट केला असता.

मग राग राग करत आणखी एक प्रयोग केला. हल्ली सगळेच करतात तसा. एका एआय टूलला सांगितलं, नेमाड्यांच्या शैलीत उल्हासनगर स्टेशनवरचा प्रसंग लिहून दे. त्याने दहा सेकंदांत दिला. प्रत्येक दुसऱ्या वाक्यात 'उदाहरणार्थ', शेवटी 'वगैरे', आणि एक कंटाळलेला तरुण. वाचताना मला घाम फुटला. कारण ते वाईट होतं म्हणून नव्हे. ते हुबेहूब माझ्यासारखं होतं. म्हणजे चार वर्षांच्या वीकेंडांत मी जे कमावलं, ते मशीनने दहा सेकंदांत दिलं, कारण आम्ही दोघांनी नेमाड्यांकडून एकच गोष्ट उचलली होती. वरची.

इथे मला उल्हासनगरकडे वळायला पाहिजे. कॉपी या विषयावर उल्हासनगरचा जेवढा अधिकार आहे तेवढा कुणाचाच नाही.

'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा जोक आपण सगळ्यांनी ऐकलाय. मीही शाळेत असताना भरपूर मारलाय. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना ठेवलं, आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. हातात काहीच नसलेल्या लोकांनी जे जमेल ते बनवायला घेतलं, आणि जे बाजारात खपत होतं तेच बनवलं. त्यातून तो जोक.

माझा कॉलेजचा एक मित्र कॅम्प चारचा. त्याच्या वडिलांचा जीन्सचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे गल्लीतला गाळा, बारा मशिनी, एक कटिंगचं टेबल. तिथे एकदा मी अंकलना तो यूएसएचा जोक ऐकवला (अक्कल तेवढीच). ते चिडले नाहीत. त्यांनी टेबलाखालून एक महागडी परदेशी जीन्स काढली. तिच्या सगळ्या शिवणी उसवलेल्या होत्या. पुढचे दोन भाग, मागचे दोन, कमरेचा पट्टा, खिसे, सगळं सुटं.

"ये देख बेटा," ते म्हणाले. "लेबल तर कोणपण छापतो. दोन रुपयात होतो. काम इधर आहे."

मग त्यांनी दाखवलं. चांगली बसणारी जीन्स आणायची, शिवण न् शिवण उसवायची, प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून फर्मा काढायचा. तेव्हा कळतं की ती मांडीवर ओढली का जात नाही, बसताना मागून उघडी का पडत नाही. पण तेवढ्यावरही भागत नाही. आपलं कापड वेगळं. धुतल्यावर ते वेगळं आकसतं. परदेशी फर्मा जसाच्या तसा आपल्या कापडावर ठेवून कापलात तर पहिल्या धुण्यात पँट घोट्याच्या वर. म्हणून आधी आपला कापड धुवून बघायचा, किती आकसतो ते मोजायचं, मग फर्मा बदलायचा.

"फिर वो उनका पॅटर्न नाही राहत," अंकल म्हणाले, "आपला होतो."

हे मला सात-आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी हसून, चहा पिऊन घरी आलो आणि पुढची चार वर्षं लेबलं छापत बसलो.

आता प्रश्न असा की नेमाड्यांनी स्वतः फर्मा कुणाचा उसवला?

याचं एक रेडिमेड उत्तर आहे: सॅलिंजर. 'कॅचर इन द राय' 1951 ची, 'कोसला' 1963 ची. दोन्हीकडे वैतागलेला तरुण, दोन्हीकडे बोलल्यासारखं निवेदन. त्यात नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. झालं, केस क्लोज्ड. मीही काही वर्षं हेच मत मिरवत होतो. पण मागच्या महिन्यात बाबांचा फटका बसल्यावर मी 'कोसला' पुन्हा वाचली आणि सोबत एक असं पुस्तक वाचलं जे मी शाळेत फक्त एका मार्काच्या प्रश्नापुरतं पाठ केलं होतं. 'मराठीतील आद्य गद्य ग्रंथ कोणता?' उत्तर: लीळाचरित्र. लेखक: म्हाइंभट. एक मार्क.

हे पुस्तक शोधताना बदलापूरकर असण्याचा फायदा झाला. आमच्या गावाला लोक स्वस्त फ्लॅट आणि पावसाळ्यात तुंबणारे रूळ यासाठी ओळखतात, पण श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' वाचनालयही इथलंच. जुन्या, दुर्मिळ मराठी पुस्तकांसाठी लांबून लांबून अभ्यासक येतात. मी स्टेशनवरून त्याच गावात रोज घरी जातो आणि इतकी वर्षं एकदाही थांबलो नव्हतो. असो.

लीळाचरित्र म्हणजे महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी यांच्या आठवणी. चक्रधर मूळचे गुजरातमधले, भडोचचे. गंमत बघा, मराठीच्या पहिल्या गद्य ग्रंथाचा नायक जन्माने गुजराती! ते निघून गेल्यानंतर, 1278 च्या सुमारास, म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. पद्धत अशी, की ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याला जाऊन विचारायचं, लिहून घ्यायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. लेखकाने स्वतःच्या मनाचं घालायचं नाही.

मी धार्मिक ग्रंथ समजून उघडला आणि पहिल्या तासाभरात चाट पडलो. प्रत्येक लीळा म्हणजे एक छोटा प्रसंग. कुठलं गाव, कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, संपलं. काही लीळा चार-पाच ओळींच्या. वाक्यं तुटक, लहान. विशेषणं जवळजवळ नाहीतच. बायका प्रश्न विचारतात, हट्ट करतात, रुसतात. जेवणखाण, थंडीवारा, वाटचाल सगळं आहे. महदाइसा तर इतके प्रश्न विचारते की आमच्या टीममधली टेस्टर आठवावी. आणि लेखक कुठेही मध्ये येऊन 'अहो, केवढा हा प्रसंग' असं सांगत नाही. प्रसंग ठेवतो आणि बाजूला होतो.

आता याच्यानंतर 'कोसला' उघडा. तिथेही तुकडे. होस्टेलचा एक, मेसचा एक, डायरीच्या नोंदी, मध्येच भविष्यातले इतिहाससंशोधक आजच्या काळाकडे बघतायत असा एक भन्नाट भाग. प्रत्येक तुकडा आपापल्या पायावर उभा. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग घ्या. दुसऱ्या कुणी तिथे विशेषणांची रास ओतली असती. इथे लहान लहान तपशील येत राहतात आणि आपलाच घसा दाटतो. त्या काळची प्रतिष्ठित मराठी कादंबरी अलंकारिक, सुभाषितं फेकणारी होती. खांडेकरांची 'ययाति' 1959 ची, म्हणजे 'कोसला'च्या अवघी चार वर्षं आधीची. त्या भाषेतून या भाषेत यायला नुसता सॅलिंजर पुरणार नाही. सॅलिंजर फार तर सांगेल की असं लिहिलं तर चालतं. पण मराठी वाक्य असं तुटक आणि तरी जिवंत कसं ठेवायचं, हे तो कुठून सांगणार? ते मराठीतच कुणाकडून तरी यायला हवं.

हे माझं वाचन आहे, पण अगदीच हवेतलं नाही. नेमाडे महानुभाव गद्याबद्दल नेहमीच जिव्हाळ्याने बोलत-लिहीत आलेत. तुकारामावर त्यांनी साहित्य अकादमीसाठी 1980 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा सगळा देशीवादच सांगतो की लेखकाची मुळं आपल्या जमिनीत हवीत. देशीवादाच्या सगळ्याच टोकांशी मी सहमत नाही, पण या एका मुद्द्यावर त्यांनी आधी करून दाखवलं आणि मग बोलले, हे कबूल करायलाच हवं. आणि 2010 ला आलेल्या 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ'मध्ये तर ते उघडच दिसतं. कादंबरी सुरू होते मोहेंजोदडोच्या उत्खननात, आणि खंडेरावाच्या आठवणींतून गाव, पंथ, म्हाताऱ्या बायका, भांडणं असा पसारा उलगडत जातो. एकाचं ऐकून होतंय तोवर दुसरा बोलायला लागतो. लीळा जशा एकामागून एक येतात, तसं. (मोहेंजोदडो वाचताना मला कॅम्प चारमधली मित्राची आजी आठवली. ती लारकान्याकडची. 'मुअन जो दडो', मेलेल्यांचं टेकाड, हा शब्द ती आपण 'हाजीमलंग' म्हणतो तितक्या सहज म्हणायची.)

म्हणजे अंकलच्या भाषेत: नेमाड्यांनी सातशे वर्षांपूर्वीची जीन्स उसवली, फर्मा काढला, आपलं कापड धुवून बघितलं आणि मग कापलं. त्यात यादवकाळची एकही विभक्ती नाही, गोसावी नाहीत, अध्यात्म नाही. होस्टेलची मेस आहे आणि रूममेट आहेत. म्हणूनच आपल्याला पहिल्यांदा वाचताना लीळाचरित्राची शंकासुद्धा येत नाही. आणि मी काय केलं? नेमाड्यांच्या शर्टाचं बटण तोडून माझ्या शर्टाला लावलं.

माझं मत आता सरळ मांडतो. आवडत्या लेखकासारखं लिहायचं असेल तर आवडत्या लेखकाला थोडं बाजूला ठेवा आणि त्याचा आवडता लेखक वाचा. तुमच्या लेखकाने तिथून काय घेतलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय टाकून दिलं, हे दिसलं की तो लेखक कसा तयार झाला ते कळतं. तयार कादंबरीतून फक्त तिचे शब्द उचलता येतात. कोडबेसचंही असंच असतं ना? आजचा कोड वाचून काय चाललंय ते कळतं. का चाललंय ते कळायला जुन्या कमिट्स उपसाव्या लागतात.

बाहेरची उदाहरणं घ्या. गार्सिया मार्केझने विद्यार्थीदशेत काफ्काची 'मेटामॉर्फॉसिस' वाचली आणि असंही लिहिता येतं हे कळून तो हादरला, हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय. म्हणून त्याने पुढे किडे आणि प्रागच्या कचेऱ्या लिहिल्या का? 1967 च्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये आहे ते कोलंबियातलं गाव आणि आजी सांगायची तशी गोष्ट. काफ्काकडून परवानगी घेतली, आवाज आजीकडून. जॉइसने 1922 च्या 'युलिसिस'मध्ये होमरचा सांगाडा घेतला आणि त्यावर डब्लिनमधला एक साधा दिवस चढवला. झेडी स्मिथने 2005 च्या 'ऑन ब्यूटी'त फॉर्स्टरच्या 'हॉवर्ड्स एंड'चा फर्मा उघड उघड वापरला, अगदी सांगून सवरून. पण कापड तिचं, आजच्या अमेरिकेतल्या कॉलेजगावाचं. कुणीच लेबल चोरलं नाही.

आणि इतकं लांब तरी कशाला? अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे त्यात. शिलाहारांच्या काळातलं. शिखराची धाटणी भूमिज, जी माळव्याकडची मानतात. पण दगड इथला, काळा बेसॉल्ट, आणि छिन्नी मारताना तो काय ऐकतो न् काय ऐकत नाही ते ठरवणारे हातही या मातीला सरावलेले. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे वडापाव खाऊन परत आलो. आता जाऊन बघितलं तर वाटतं, साडेनऊशे वर्षांपूर्वी इथे कुणीतरी अंकलसारखंच पुठ्ठ्यावर फर्मा ठेवून विचार केला असणार.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण सातशे वर्षांपूर्वीचं मराठी कुणाला कळतंय? रास्त शंका. पहिली पन्नास पानं मलाही टिपा बघत बघत जावं लागलं. त्यात महानुभावांनी आपले ग्रंथ कित्येक शतकं सांकेतिक लिप्यांत ठेवले होते, म्हणजे चक्क एन्क्रिप्ट करून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली. आपल्या ठाण्याचे वि. ल. भावे, ज्यांनी 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं, त्यांनीही महानुभाव वाङ्मय लोकांपुढे आणायला मोठी मेहनत घेतली. ज्ञानेश्वरी घराघरात पोचली आणि लीळाचरित्र एका मार्कात अडकलं, त्यामागे हेही एक कारण आहे. पण आपण सी प्लस प्लसचे हजार पानी मॅन्युअल वाचलेली माणसं. पन्नास पानांच्या टिपांना घाबरायचं?

आणि दुसरी शंका, जरा जास्त टोचणारी: असा फर्मा वगैरे (सॉरी!) शोधत बसलं तर लिहिणार कधी? नेमाडे पंचविशीत होते, मी तिशीला आलो. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण एवढं कळलंय की चार वर्षं मी लिहीतच होतो आणि एकही पान माझं नव्हतं. वेळ वाचवण्याच्या नादात वेळच गेला.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, स्टेटस ठेवली, मीही ठेवलं. रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठही सुरू झालंय. आनंदच आहे. पण अभिजात म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायची गोष्ट असं आपण समजून बसलो तर तो दर्जाही एका मार्काचाच प्रश्न होईल. अभिजात ग्रंथ उसवायला असतो. त्याच्या शिवणी मोजायला असतो. महानुभावांमध्येच एक आठवण सांगतात, की कुणीतरी संस्कृतात लिहायला निघालं तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवलं: अशाने माझ्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी वाचकाचा विचार करून भाषा ठरवत होतं. मी माझी भाषा ठरवताना बाबांचा विचार केला नव्हता. मी कॉलेजच्या ग्रुपचा केला होता.

तर आता काय चाललंय ते सांगतो. त्या एकशे चाळीस पानांचं मी बॅकअप घेतलं आणि फाईल बंद केली. मग म्हाइंभटाचं तंत्र. दर रविवारी सकाळी बाबांना आणि त्यांच्या जुन्या कंपनीतल्या दोघा-तिघा काकांना चहाला बसवतो आणि फक्त विचारतो. शेवटच्या दिवशी काय झालं? कोण कुठे उभं होतं? मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, 'केवढा हा प्रसंग' म्हणायचं नाही.

पहिल्याच रविवारी भांडण लागलं. बाबा म्हणाले, त्या दिवशी दुपारचा भोंगा वाजला, सगळे डबे उघडून जेवले आणि मग गेटवर नोटीस लागली. समोरचे काका म्हणाले, "काय बोलताय भाऊ, भोंगा वाजलाच नाही. म्हणून तर कळलं." बाबा ऐकेनात. काकाही ऐकेनात. तिसरे काका म्हणाले, भोंग्याचं आठवत नाही, पण डबा तसाच भरलेला घरी नेला होता, बायकोने विचारलं तर बरं वाटत नव्हतं म्हणून सांगितलं.

जुना मी असतो तर यातलं एक खरं मानून दोन डिलीट केली असती, आणि वर एक तिरकस वाक्य टाकलं असतं. पण लीळाचरित्राच्या पोथ्यांत एक मोठी सुंदर सोय आहे. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर दोन्ही पाठ नोंदवून ठेवायचे. त्याला 'वासना' म्हणतात. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि लोकांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, त्यामुळे असे पाठभेद झाले. ते लपवायचा कुणी प्रयत्न केला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर मर्ज कॉन्फ्लिक्ट रिझॉल्व्ह न करता तसाच ठेवला, कारण दोन्ही माणसं खरी होती.

मीही तसंच लिहिलं. बाबांचा भोंगा वाजला. काकांचा वाजला नाही. तिसऱ्यांचा डबा भरलेला परत आला. दीड पान झालं. चार वर्षांत लिहिलेलं पहिलं दीड पान ज्यात एकही 'वगैरे' नाही. मुद्दाम काढले नाहीत, आलेच नाहीत.

संध्याकाळी प्रिंट काढून बाबांना दिलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भोंगा वाजला होता. त्याचं चुकीचं आहे."

"बाबा, पण बाकी?"

"बाकी आपल्याकडचं आहे," म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. काकांना दाखवायला.

पुढचा रविवार ठरलाय. उद्या 8:14 ची बदलापूर लोकल आहे, स्टँडअप आहे, सगळं आहे. असो. भेटू पुढच्या वीकेंडला.

ता. क. अंकलना फोन करून सांगितलं की तुमचा फर्मा आता कळला. ते म्हणाले, "बेटा, इतना साल लगा?"